कसबा पेठ : पायी जगता येणारी वस्ती

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. मुठा नदीच्या उजव्या काठावर, शनिवारवाड्याच्या पूर्वेला ती वसली आहे. पुण्याचे ग्रामदैवत असलेला कसबा गणपती याच पेठेत आहे, लाल महाल येथेच आहे आणि तांबट आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी, कागदीपुरा, फणी आळी, व्यवहार आळी ही नावेही याच पेठेतली. पेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निवांत चालत जायला पाऊण तास पुष्कळ होतो. एवढ्या लहानशा जागेत घर, कारखाना, दुकान, देऊळ, दर्गा, तालीम आणि शाळा एकमेकांना खेटून उभ्या आहेत. वाहन न काढता दिवसाचे सगळे व्यवहार उरकता येतील अशा वस्त्या महाराष्ट्रात आता थोड्या उरल्या आहेत आणि कसबा पेठ त्यांतली एक ठळक वस्ती आहे. ती तशी का घडली, तिथले जगणे कसे चालते आणि त्यावर आज कोणते ताण आहेत, हे समजून घेतले तर नव्याने वाढणाऱ्या गावांना आणि शहरांनाही त्याचा उपयोग होतो.

कसब्याची घडण

‘कसबा’ म्हणजे परगण्याचे मुख्य गाव, जिथे बाजार भरतो आणि वसुलीचे ठाणे असते. पुणे हे असेच एक कसब्याचे गाव होते. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ते उद्ध्वस्त केले आणि गाढवाचा नांगर फिरवला. पुढे काही वर्षांनी जिजाबाई बाल शिवाजीराजांसह येथे आल्या. दादोजी कोंडदेवांच्या देखरेखीखाली लाल महाल उभा राहिला आणि कसबा गणपतीचे देऊळ बांधले गेले. ओस पडलेल्या जमिनीवर माणसे परत आणायची, तर त्यांना आधी देव, दाणे आणि संरक्षण लागते, हे या पुनर्वसाहतीवरून दिसते. १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी शाइस्तेखानावर छापा घातला तो याच लाल महालात. आज दिसणारी वास्तू विसाव्या शतकात पुन्हा बांधलेली आहे.

पेशवाईत पुण्याचा विस्तार झाला. १७३० मध्ये थोरल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया घातला आणि कसब्याभोवती नव्या पेठा उभ्या राहू लागल्या. काही पेठांना वारांची नावे मिळाली. सदाशिव, नारायण, नाना, रास्ता आणि घोरपडे या पेठा व्यक्तींच्या आणि घराण्यांच्या नावांनी ओळखल्या गेल्या. नवी पेठ वसवणे हे सरकारी काम असे. तिथे येऊन दुकान थाटणाऱ्या व्यापाऱ्याला आणि कारागिराला कौल मिळे, म्हणजे ठरावीक वर्षे करात सूट दिली जाई. पेठेची व्यवस्था आणि वसुली पाहायला शेटे-महाजन नेमले जात. रात्री वेशी बंद होत आणि गस्तीचे काम कोतवालाकडे असे. त्यामुळे प्रत्येक पेठ बाजार, वस्ती आणि कारभार या तिन्ही दृष्टींनी जवळजवळ स्वयंपूर्ण होती. चालण्याजोगी वस्ती घडण्याचे पहिले कारण हेच. त्या काळच्या सामान्य माणसाजवळ स्वतःच्या पायांखेरीज रोजचे साधन नव्हते आणि पेठ त्याच मापाने बेतली गेली.

गावातले बलुते, शहरातली आळी

पेठेतल्या आळ्या समजून घ्यायच्या तर आधी खेडे पाहावे लागते. पुण्याच्या वायव्येला मावळ तालुक्यात सुदुंबरे हे गाव आहे. संत तुकारामांचे टाळकरी आणि त्यांच्या अभंगांचे लेखनिक संताजी महाराज जगनाडे यांची समाधी तिथे आहे. संताजी महाराजांचे घराणे चाकणचे आणि व्यवसाय तेलघाण्याचा. तुकोबांचे देहू, संताजींचे चाकण आणि सुदुंबरे ही सगळी ठिकाणे त्या काळी माणसे पायीच जोडत. अशा गावांची जुनी रचना ठरलेली असे. मध्ये देऊळ आणि चावडी, भोवती गावठाणातली घरे, त्यापलीकडे शेते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांची एकेक-दोनदोन घरे गावाला पुरत आणि कामाचा मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने, बलुते म्हणून, मिळे.

शहरात हा हिशेब बदलतो. येथे कुंभाराची मडकी किंवा तांबटाचे हंडे एका गावाला विकायचे नसतात. साऱ्या शहराला, छावणीला आणि भोवतालच्या खेड्यांना ते रोख पैशांत विकायचे असतात. म्हणून एका घराच्या जागी एकाच धंद्याची वीस-पंचवीस घरे एकत्र येतात. कच्चा माल एकदम मागवता येतो, मोठे काम वाटून घेता येते, नवख्या पोराला शेजारच्या कारखान्यातही हात बसवता येतो आणि गिऱ्हाइकाला एकाच गल्लीत दहा दुकाने पाहता येतात. आळी अशी तयार होते. धंदा, जात आणि नातेसंबंध हे तिन्ही धागे तिच्यात गुंफलेले असत. त्यातून परस्परांचा आधार मिळे. त्याच गुंफणीतून जातीच्या भिंतीही पक्क्या होत. कोणाचे घर कोणत्या बाजूला आणि कोणाला कुठले पाणी, हे जुन्या पेठांत जातीवरून ठरत होते. जोतीराव फुल्यांचा वाडा जवळच्या गंज पेठेत होता आणि १८४८ मध्ये त्यांनी व सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात. हे अंतरही चालत जाण्याचेच होते. जुन्या बंधनांइतकाच त्यांच्याविरुद्धचा लढाही याच गल्ल्यांतून चालत गेला.

तांबट आळी

कसब्यातल्या आळ्यांपैकी सर्वांत जिवंत राहिली ती तांबट आळी. येथील तांबट त्वष्टा कासार समाजाचे. पेशवाईच्या काळात आपली घराणी कोकणातून पुण्यात आली, असे त्यांची परंपरा सांगते. राजधानीत लष्कर होते, सरदारांचे वाडे होते, देवळे होती आणि या सगळ्यांना तांब्या-पितळेची भांडी हवी होती. कोकणातून आलेल्या या कारागिरांनी आपले घर आणि आपला कारखाना एकाच छपराखाली मांडला. पुढे इंग्रजी अमदानीतही हा धंदा टिकला. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये शहरातल्या प्रमुख उद्योगांत तांब्या-पितळेच्या कामाची नोंद आहे.

तांब्याचे भांडे घडते ते असे. पत्रा मापाने कापतात आणि भट्टीत तापवून मऊ करतात. मग तो ऐरणीवर ठेवून हातोड्याने ठोकत ठोकत त्याला खोली देतात. ठोकल्याने तांबे कडक होते, म्हणून मधूनमधून ते पुन्हा तापवावे लागते. मोठ्या भांड्याचे भाग वेगवेगळे घडवून झाळून जोडतात. त्यानंतर भांडे स्वच्छ करून उजळतात आणि शेवटी मठारकाम करतात. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने साऱ्या पृष्ठभागावर एकसारखे ठोके एका ओळीत घालत जाणे म्हणजे मठार. प्रत्येक ठोक्याचा लहानसा खळगा उमटतो आणि त्यावरून उजेड परावर्तित होऊन भांडे चमकते. मठाराने नुसती शोभा येत नाही. ठोक्यांमुळे पत्र्याला बळकटी येते आणि भांड्यावरचे लहान पोचे झाकले जातात. ठोके सारख्या अंतरावर आणि सारख्या जोराने पडण्यासाठी हात वर्षानुवर्षे तयार व्हावा लागतो.

बंब, घंगाळ, हंडा, कळशी, तपेले, परात, ताम्हण अशी भांडी या आळीत तयार होत आली. बंब हे त्यांतले विशेष काम. मधोमध विस्तवाची नळी, भोवती पाणी आणि खाली राख पडायला जागा अशा या भांड्याने पिढ्यानुपिढ्या घराघरांत आंघोळीचे पाणी तापवले. गॅसचे आणि विजेचे गिझर आले, स्टेनलेस स्टीलची भांडी स्वस्त झाली आणि मागणी घसरली. पुढची पिढी शिकून नोकरीला लागली. उरलेल्या कारागिरांनी दिवे, शोभेची भांडी, पाण्याचे जग आणि ताटवाट्या यांकडे काम वळवले आणि नव्या रचनाकारांच्या मदतीने काही माल परगावीही जाऊ लागला. आळीत आजही हातोड्यांचा आवाज येतो, पण पूर्वीच्या मानाने फारच थोड्या घरांतून.

वाडा आणि बोळ

पेठेतले घर म्हणजे वाडा. दगडी जोते, त्यावर विटा आणि माती, सागवानी खांब-तुळया, मध्ये उघडा चौक आणि भोवती सोपे अशी त्याची बांधणी. रस्त्याकडे दिंडी दरवाजा आणि बाहेर ओटा. तालेवारांच्या वाड्यांना दोन-तीन चौक असत. कारागिराच्या घराला एखादा लहान चौक असे. चौकातून उजेड आणि वारा येई, म्हणून घरे एकमेकांना चिकटून बांधता येत आणि थोड्या जागेत पुष्कळ कुटुंबे मावत. कारागिराच्या घरात तळमजल्यावर रस्त्याकडच्या बाजूला काम चाले आणि मागे किंवा माडीवर राहणे असे. कामाला जाणे म्हणजे जिना उतरणे.

विसाव्या शतकात नोकरी-शिक्षणासाठी बाहेरगावची माणसे पुण्यात आली, तेव्हा मोठ्या वाड्यांच्या खोल्या भाड्याने दिल्या गेल्या. एका वाड्यात दहा-पंधरा बिऱ्हाडे, एक नळ आणि एक चौक अशी राहणी रूढ झाली. त्यात अडचण होती, खासगीपणा नव्हता आणि पाण्यावरून भांडणे होत. तरीही म्हाताऱ्या माणसाकडे लक्ष ठेवायला आणि लहान मुलाला सांभाळायला कोणीतरी नेहमी हाताशी असे. रस्त्यावरही तेच होते. ओट्यावर बसलेली माणसे, उघड्या दुकानातला दुकानदार आणि माडीच्या खिडकीतली बाई यांची नजर बोळावर असे. अनोळखी माणूस आला की कोणीतरी विचारी, कोण पाहिजे?

चालण्याच्या अंतरावरचे शहर

पेठ चालण्याजोगी होण्याला केवळ अरुंद रस्ते पुरत नाहीत. चालून जिथे पोचायचे ती ठिकाणे जवळ असावी लागतात. पुण्यात पहिली सोय झाली पाण्याची. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी भुयारी नळातून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले गेले. वाटेत हवा खेळण्यासाठी आणि तपासणीसाठी उच्छ्वास बांधले गेले. शनिवारवाड्याला पाणी मिळालेच, शिवाय काळा हौद, बदामी हौद असे सार्वजनिक हौदही भरू लागले.

दुसरी सोय बाजाराची. तुळशीबागेतले राममंदिर १७६१ पासून बांधले गेले आणि त्याच्या भोवती हळूहळू संसारोपयोगी वस्तूंचा बाजार जमला. १८८६ मध्ये भाजीबाजारासाठी रे मार्केट उघडले. तीच आजची महात्मा फुले मंडई. कसबा गणपतीपासून तुळशीबाग आणि मंडई साधारण एक किलोमीटरवर आहेत आणि शनिवारवाडा व लाल महाल तर हाकेच्या अंतरावर आहेत.

तिसरी सोय देवळांची. पेठांतली देवळे पत्ता सांगण्यासाठीही कामी येतात. पासोड्या विठोबा, सोट्या म्हसोबा, जिलब्या मारुती, डुल्या मारुती, खुन्या मुरलीधर ही नावे चालणाऱ्या माणसांनी ठेवलेली आहेत. वळणावर दिसणारी खूण आणि तिच्याशी जोडलेली हकिकत लक्षात राहते. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव रुजला आणि पेठेपेठेत मंडळे उभी राहिली. विसर्जन मिरवणुकीत पहिला मान कसबा गणपतीचा. त्यामागून तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे गणपती येतात. मिरवणूक चोवीस तासांहून अधिक चालते आणि शहर ती उभ्याने, चालत पाहते.

बॉस्टनमधले उदाहरण

अशी वस्ती केवळ भारतात घडली असे नाही. अमेरिकेत बॉस्टन शहरात नॉर्थ एंड नावाचा भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी दक्षिण इटलीतून आलेली गरीब माणसे तिथे स्थायिक झाली. एका गावची माणसे एका गल्लीत राहत आणि आपल्या गावच्या संताचा उत्सव तिथे करत. सिसिलीतल्या शाक्का गावच्या कोळ्यांनी १९१० मध्ये सुरू केलेला मातेचा उत्सव आणि १९१९ पासूनचा संत अँथनीचा उत्सव अजून चालू आहेत. खाली बेकरी, वर घर, कोपऱ्यावर चर्च अशी या भागाची रचना. तांबट कोकणातून येऊन आपली आळी, आपली देवता आणि आपला धंदा घेऊन कसब्यात राहिले, त्याच रीतीने हे लोक राहिले.

शहर नियोजनकारांच्या लेखी नॉर्थ एंड ही गलिच्छ वस्ती होती. जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज’ या ग्रंथात नेमके उलटे दाखवले. तिथले रहिवासी स्वतःच्या कमाईतून घरे दुरुस्त करत होते आणि रस्त्यावर सतत माणसांचा वावर असल्याने वस्ती सुरक्षित होती. घरे, दुकाने आणि कामे यांची सरमिसळ, लहान लहान गल्ल्या, जुन्या-नव्या इमारतींची जोड आणि दाट लोकवस्ती, हे चार गुण शहर जिवंत ठेवतात असे त्यांनी मांडले. कसबा पेठेत चारही आढळतात. नॉर्थ एंडच्या जवळची वेस्ट एंड ही वस्ती मात्र १९५८ ते १९६० या काळात पुनर्विकासासाठी जमीनदोस्त झाली आणि हजारो कुटुंबे विखुरली. नॉर्थ एंडला शहरापासून तोडणारा उन्नत महामार्गही त्याच दशकात उभा राहिला. तो काढून रस्ता जमिनीखाली नेण्याचे काम पुरे व्हायला एकविसावे शतक उजाडले. तोडलेली वस्ती जोडायला अर्धे शतक लागते, हा त्यातला धडा.

कसब्यावरचे ताण

कसब्याला धक्के बसले ते अनेक दिशांनी. १८९७ च्या प्लेगने दाट वस्तीतली अस्वच्छता किती घातक आहे हे दाखवले आणि पुढच्या काळात ज्यांना परवडले त्यांनी शहराबाहेर मोकळ्या जागेत बंगले बांधले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या कसबा, शनिवार आणि नारायण पेठांत पाणी शिरले, मातीच्या भिंती विरघळल्या आणि असंख्य वाडे कोसळले. त्यांतली बरीच कुटुंबे नव्या वसाहतींत गेली ती परतली नाहीत.

तिसरा धक्का कायद्यातून आला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला घरातून काढणे अवघड झाले आणि भाडे जवळपास गोठले. गरीब भाडेकरूला त्याने आधार दिला. पण इतक्या भाड्यात कौले शाकारणेही परवडत नसल्याने मालकांनी दुरुस्ती सोडली. १९९९ चा नवा कायदा आल्यावरही जुन्या भाडेकरूंचे प्रश्न बहुतांशी तसेच राहिले. मालक, भावकी आणि भाडेकरू यांच्या वादांत कित्येक वाडे मोडकळीस आले. शनिवारवाडा केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या सुधारित कायद्यानुसार अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय करता येत नाही. स्मारकाचे रक्षण आवश्यक आहे, पण त्या वर्तुळात धोकादायक घरात राहणाऱ्या माणसाला घर बांधून घेण्याचा मार्ग मिळणेही तेवढेच आवश्यक आहे.

जिथे पुनर्बांधणी होते तिथे वेगळे नुकसान होते. वाडा पाडून इमारत उभी राहते आणि तळमजला वाहनतळाला जातो. ओटा जातो, दुकान जाते, कारखाना जातो. रस्त्याकडे उरतात लोखंडी दारे आणि उभ्या गाड्या. रुंदीकरणाच्या रेषेमुळे नवी इमारत मागे सरकते, जुनी पुढेच राहते आणि मधल्या खाचेत वाहने लागतात. पूर्वी घरातली नजर जिथे बोळावर होती तिथे कोणी नसते. गाडीसाठी जागा केली की गाड्या वाढतात, त्यांच्यामुळे चालणे धोक्याचे होते आणि चालणे धोक्याचे झाले की आणखी गाड्या येतात. किलोमीटरभरावरच्या मंडईला दुचाकीवरून जाण्याची सवय यातूनच जडते.

पुढची वाट

काही गोष्टी अनुकूलही आहेत. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होऊ लागला. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली आणि कसबा पेठ व मंडई ही स्थानके मिळाली. मार्ग जमिनीखालून गेल्याने पेठा चिरल्या गेल्या नाहीत. लांबच्या प्रवासाला मेट्रो आणि पेठेत पायी, ही जोडी जमली तर वाहनतळाची गरज कमी होते. मग नव्या इमारतीचा तळमजला पुन्हा दुकानाला आणि कारागिराला देता येतो. पुनर्विकासाच्या नियमात तशी मुभा आणि उत्तेजन असले पाहिजे. भाडेकरूला त्याच पेठेत घर मिळाले पाहिजे. कारागिराला काम करायला त्याच आळीत जागा उरली पाहिजे. नाहीतर तांबट आळी हे नाव पाटीवरच राहील.

हा प्रश्न पुण्यापुरता नाही. तळेगाव आणि चाकण यांच्या दरम्यान कारखाने, महाविद्यालये आणि गृहसंकुले वाढत आहेत आणि सुदुंबऱ्यासारखी गावे त्या पट्ट्यात येतात. तिथे अजून गावठाण आहे, समाधी मंदिराभोवती माणसांची ये-जा आहे आणि शाळा, दुकान, देऊळ पायी गाठता येते. नवी वस्ती या गावठाणाला जोडून, दुकाने आणि कामाच्या जागा मिसळून वाढवायची की महामार्गाकडे तोंड केलेली कुंपणबंद संकुले बांधायची, हे ठरवण्याची वेळ आत्ताची आहे. कसब्याला ही रचना चार शतकांत मिळाली. नव्या गावांना ती एका आराखड्यात मिळू शकते, मात्र आराखडा करणाऱ्याने आधी त्या गावातून पायी फिरले पाहिजे.